गावाचे नाव कोणाचे?

आमचे गाव नाटे. मुक्काम पोस्ट नाटे, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. जैतापूरची खाडी समुद्राला मिळते त्या अंगाला यशवंतगडाचा जुना कोट, पश्चिमेला आंबोळगड, किनाऱ्याला मच्छीमारांचे साखरी नाटे आणि मुसाकाजीचे बंदर, खाडीपलीकडे जैतापूर आणि माडबन, असा हा सगळा मुलूख आहे. गावाचे नाव दोन अक्षरांचे. त्यात कोणी राजा नाही, कोणी साहेब नाही, कोणी देवही नाही. त्यामुळे राज्ये आली आणि गेली तरी आमच्या नावाला कोणी हात लावला नाही, असा गावकऱ्यांचा सर्वसाधारण समज आहे. तो समज खरा नाही. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनी आमच्याही गावाचे नाव बदलले. मौज अशी की ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

परक्या सत्तेखालून मोकळा झालेला प्रत्येक देश प्रथम झेंडा बदलतो आणि मग नावांकडे वळतो. सोन्याच्या मोहाने युरोपियनांनी ज्याला 'गोल्ड कोस्ट' म्हटले, तो देश १९५७ साली स्वतंत्र होताच घाना झाला. सिसिल ऱ्होड्स या साहेबाच्या नावाने ओळखला जाणारा ऱ्होडेशिया १९८० साली झिंबाब्वे झाला. सिलोनची १९७२ मध्ये श्रीलंका झाली, अप्पर व्होल्टाचा १९८४ मध्ये बुर्किना फासो. आपल्याकडेही हे चालूच आहे. नावे बदलण्याच्या बातम्या आल्या म्हणजे कोणी आनंदाने पेढे वाटतो, कोणी 'नावात काय आहे' म्हणून नाक मुरडतो. मला दोन्ही गोष्टी अर्धवट वाटतात. परक्यांनी दिलेली सगळी नावे एका जातीची नसतात, आणि सगळ्यांचे मरणही एका रीतीचे नसते. हे समजून घेण्यासाठी आफ्रिकेत जावयास नको. आमचा रत्नागिरीचा किनारा पुरेसा आहे.

पहिली जात घ्या. साहेबाने जिंकले आणि आपले नाव ठोकले, ही ती जात. कमोडोर विल्यम जेम्स या इंग्रज दर्यावर्द्याने १७५५ साली तुळाजी आंग्ऱ्याकडून सुवर्णदुर्ग घेतला. त्याच वेळी सावित्री नदीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्लाही इंग्रजांच्या हाती आला. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. बाणकोट मात्र इंग्रजांनी १७५६ च्या तहाने आपल्याकडे ठेवले. आंग्ऱ्यांच्या अमदानीत त्या किल्ल्याला हिंमतगड म्हणत. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले फोर्ट व्हिक्टोरिया. हे नाव विक्टोरिया राणीवरून पडले असे पुष्कळांना वाटते; पण राणीचा जन्म १८१९ सालचा, म्हणजे नाव राणीहून साठाहून अधिक वर्षांनी वडील! लॅटिन भाषेत व्हिक्टोरिया म्हणजे विजय. पुढे १७६५ साली इंग्रजांनी करवीरकरांकडून मालवणचा सिंधुदुर्ग घेतला, आणि शिवछत्रपतींनी बांधलेल्या त्या जलदुर्गाला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले. थोड्याच काळात किल्ला परत करावा लागला.

आता या दोन नावांचे काय झाले? काहीच झाले नाही. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही, ठराव झाला नाही, राजपत्रात सूचना आली नाही. बाणकोटच्या माणसाने बाणकोट म्हणणे कधी सोडलेच नव्हते, आणि मालवणच्या माणसाला फोर्ट ऑगस्टस हे शब्द बहुधा कधी ऐकूही आले नसतील. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणच्या कारभाराचे ठाणे आरंभी बाणकोटलाच होते. ते १८२२ साली रत्नागिरीस हलले आणि फोर्ट व्हिक्टोरियाचा तो थाटही गेला. जे नाव नकाशात राहते पण बाजारात येत नाही, त्याचे आयुष्य नकाशाच्या कागदाएवढेच.

या नावाचा एक जावळा भाऊ आफ्रिकेत होता. १८९० साली ऱ्होड्सच्या माणसांनी तेथे जे ठाणे वसवले त्याचेही नाव फोर्ट व्हिक्टोरिया. हे मात्र खरोखरीच राणीचे. त्या गावापासून जवळच एका प्राचीन नगरीचे प्रचंड दगडी अवशेष आहेत. चुना न वापरता रचलेल्या त्या भिंती आफ्रिकन माणसांनीच उभ्या केल्या, हे मान्य करणे गोऱ्या राज्यकर्त्यांना कित्येक वर्षे जड गेले. स्वातंत्र्यानंतर देशाने आपले नाव घेतले ते त्या अवशेषांवरून: झिंबाब्वे, म्हणजे दगडी घरे. फोर्ट व्हिक्टोरियाचे १९८२ साली मास्विंगो झाले. तेथे नुसते नाव बदलले नाही, तर 'हे आमच्या पूर्वजांनी बांधले' हा हक्क परत मिळवला गेला. बाणकोटला त्याची गरज पडली नाही, कारण बाणकोटकरांच्या तोंडून त्यांचे नाव कोणाला काढून घेता आले नव्हते.

दुसरी जात याहून मोठी आणि अधिक चिवट. ती म्हणजे साहेबाने चुकीची ऐकलेली नावे. यात साहेबाने नवे काहीच दिले नाही. आपलेच नाव घेतले आणि वाकडे करून परत केले. विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत, ते शेजारच्या गिर्ये गावाच्या नावावरून. सुवर्णदुर्गाचा त्यांनी 'सेव्हर्नद्रुग' केला. हे नाव तर सातासमुद्रापलीकडे गेले. कमोडोर जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर १७८४ साली एक तीनकोनी मनोरा बांधला आणि नवऱ्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याला सेव्हर्नद्रुग असे नाव दिले. तो मनोरा आजही उभा आहे. हर्णैच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग असा लंडनच्या टेकडीवर जाऊन बसला आहे, आणि तेथे सहलीला येणाऱ्या मुलांना त्या विचित्र नावात 'सुवर्ण' हा शब्द लपला आहे याची वार्ताही नसेल.

पुण्याचे पूना, ठाण्याचे थाना, वसईचे बसीन, मुंबईचे बॉम्बे ही याच जातीची नावे. यांच्याकडे पाहून आपल्याला राग येतो तो साहजिक आहे. पण थोडे थांबून पाहिले तर त्या वाकड्या अक्षरांत आपल्याच इतिहासाचा पुरावा सापडतो. पूना आणि थाना ही रूपे इंग्रजांनी थेट मराठी माणसाच्या तोंडून घेतली असावीत असे मला वाटत नाही. फारसी आणि हिंदुस्थानी जाणणारे मुनशी आणि दुभाषे मध्ये होते, आणि हिंदीत त्या गावांना पूना आणि थानाच म्हणत. बॉम्बेच्या मागे पोर्तुगीजांचे 'बोंबाईं' उभे आहे. म्हणजे नाव ज्या माणसांच्या हातून साहेबाकडे गेले, त्यांच्या बोटांचे ठसे त्यावर आहेत.

मग येथे एक शंका निघते. साहेबाला मुंबई नीट लिहिता आली नाही, तर आमचे नाटे, माडबन, मिठगवाणे, कशेळी ही लहान नावे बऱ्यापैकी शुद्ध कशी उतरली? त्याचे उत्तर कचेरीत आहे. एकोणिसाव्या शतकात एकाच गावाचे नाव चार साहेब चार तऱ्हांनी लिहीत, त्यामुळे सारा वसुलीपासून टपालापर्यंत घोटाळा होई. म्हणून विल्यम हंटर या अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास देशी नावे इंग्रजीत लिहिण्याची एक पद्धत बसवली. पण तीत एक सवलत ठेवली होती: जी नावे इंग्रजीत आधीच रुळली आहेत ती तशीच चालू द्यावीत. मोठी शहरे या सवलतीत सापडली. बॉम्बे, पूना, कलकत्ता यांची वाकडी अक्षरे कायम झाली. खेड्यांना कोणी ओळखत नव्हते, म्हणून खेड्यांची नावे नियमाप्रमाणे लिहिली गेली. अप्रसिद्ध असण्याचा एवढा एक फायदा आमच्या वाट्याला आला! अर्थात तोही पुरता नाही. इंग्रजीत आमचे गाव ज्या चार अक्षरांत लिहितात, त्यांचा उच्चार खरा इंग्रज 'नेट' असा करील. मुंबईला वाढलेल्या माझ्या एका भाच्याने लहानपणी ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि विचारले, "मामा, तुमच्या गावाचं नाव नेट, मग तिथे नेट का येत नाही?" त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते; किनाऱ्यावरच्या खडपात मोबाइल घेऊन उभे राहिले की अजूनही कधी कधी नसते.

आता आमच्या नावाच्या बदलाची हकीकत. जुनी मराठी पुस्तके, खतपत्रे, पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, की पूर्वी नाटें, पुणें, ठाणें असे शेवटच्या अक्षरावर टिंब देऊन लिहीत. केळें, मडकें, तळें यांवर जसे ते टिंब, तसेच गावावरही. ते टिंब हौसेचे नव्हते. हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि एके काळी त्याचा शेवट नाकातून उच्चारला जात होता, असे ते सांगत असे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम सिद्ध केले आणि १९६२ साली सरकारने ते मान्य केले. उच्चारात नसलेले अनुस्वार लिहू नयेत असे ठरले. पुणेंचे पुणे झाले, ठाणेंचे ठाणे झाले, आणि नाटेंचे नाटे. स्वातंत्र्यानंतर आमच्या गावाच्या नावात झालेला हा एकमेव बदल: डोक्यावरचे टिंब गेले. कोणी हळहळले नाही, कारण गावातले लोक पूर्वीही 'नाट्याला जातो' म्हणत आणि नंतरही तसेच म्हणत राहिले.

त्या हरवलेल्या टिंबाचा साक्षीदार मात्र आमच्या शेजारीच आहे, आणि तो आहे पोर्तुगीज! गोव्याचे नकाशे किंवा रस्त्यावरच्या पाट्या पाहा. पेडणे, केपे, सांगे या गावांची नावे तेथे रोमन लिपीत लिहिताना शेवटी एक 'एम' हे अक्षर असते. पाहुणे त्याचा उच्चार पेरनेम, केपेम, सांगेम असा करतात आणि गोवेकर गालात हसतात. पोर्तुगीज भाषेत शब्दाच्या शेवटी आलेला हा 'एम' ओठ मिटून म्हणायचा नसतो; तो आधीचा स्वर नाकातून काढावा अशी खूण असतो. म्हणजे त्या परक्या कारकुनाने पेडणें, केपें, सांगें हे उच्चार ऐकले आणि आपल्या लिपीत जमेल तसे ते टिंब टिपून ठेवले. कोंकणीने देवनागरीत ते टिंब अजून सांभाळले आहे. आम्ही ते १९६२ साली ठेवून दिले. ज्याला आपण परक्याने केलेला विपर्यास म्हणतो त्यात कधी कधी आपल्याच आजीचा आवाज साठवलेला असतो, तो असा.

आणि दुसऱ्याची नावे मोडण्याचे काम काय एकट्या साहेबानेच केले? आपल्या पूर्वजांनी पोर्तुगीजांच्या तोंडून शब्द उचलून इंग्लिशांचे इंग्रज केले, हॉलंडच्या लोकांचे वलंदेज केले, फ्रेंचांचे फरासीस आणि डेन्मार्कच्या लोकांचे डिंगमार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ही सगळी मंडळी 'टोपीकर' या एका नावाखाली येतात. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याचे नाव त्याच्या भाषेत जसे उच्चारतात तसे रत्नागिरीकराने एकदाही उच्चारले नसेल; आपल्याकडे तो थिबा आणि त्याचा वाडा थिबा पॅलेस. त्यात त्याचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. जीभ ही आपल्या घराण्याचे वळण सोडत नाही एवढेच. फरक असलाच तर तो हा, की थिबाला आम्ही थिबा म्हटले म्हणून त्याला आपल्या अर्जावर तसे लिहिण्याची सक्ती आम्ही केली नाही. नाव चुकीचे उच्चारणे ही सवय असते. ते चुकीचे नाव दुसऱ्याच्या कागदावर लादणे ही सत्ता असते.

मुंबईचे उदाहरण यासाठीच घेण्याजोगे आहे. १९९५ साली सरकारने बॉम्बेचे मुंबई केले. परदेशी वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. परंतु त्या दिवशी मराठीत काय बदलले? एक कानाही नाही, एक मात्राही नाही. मराठी वर्तमानपत्रे आदल्या दिवशी मुंबई छापत होती, दुसऱ्या दिवशीही मुंबईच छापत राहिली. गुजराती मंडळीही मुंबईच म्हणत होती. कोकणातली चाकरमान्याची आई बोटीवर मुलाला निरोप देताना "मुंबईस पोचलास की पत्र टाक" असेच म्हणत होती. बदल झाला तो इंग्रजीत. म्हणजे मुंबईचे नाव बदलले असे म्हणण्यापेक्षा, इंग्रजीने मुंबईचे नाव शिकून घेतले असे म्हणणे अधिक खरे.

नवे नाव कधी रुजते आणि कधी नाही, याचेही धडे त्याच शहरात आहेत. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसे तेथे पडली म्हणून. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे तेव्हा गिरण्यांत होती आणि त्या आंदोलनात होती. त्या नावाची किंमत आधी दिली गेली होती आणि पाटी मागून लागली. म्हणून नाव रुजले. उलट, राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ साली ज्या स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हटले, त्याला जुनी माणसे बोरीबंदरच म्हणत आणि नवी माणसे 'व्हीटी'. १९९६ साली त्याला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले, २०१७ साली त्यात महाराज हा शब्द आदराने घातला गेला. आज गर्दीच्या वेळी फलाटावर उभे राहून कान द्या. 'सीएसएमटी लोकल' एवढेच ऐकू येईल. राणी दोन अक्षरांत गेली होती, महाराज चार अक्षरांत गेले. नाव देणाऱ्यांची भक्ती खोटी होती असे नव्हे. पण घाईत असलेल्या माणसाच्या तोंडात किती मावेल याचा विचार नाव ठेवताना करावा लागतो. प्रभादेवीचे तसे झाले नाही. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाला ते नाव दिले तेव्हा ते लोकांच्या तोंडात होतेच, आणि देवीचे देऊळ जवळच उभे होते.

जुने नाव काढले नाही म्हणजे गुलामी राहिली, असेही सरसकट म्हणता येत नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. पोर्तुगीजांनी पणजीला दिलेले 'नोवा गोवा' हे राजेशाही नाव पुसले गेले, पण वास्को द गामा हे गाव राहिले. तेही कसे? सामान्य माणूस नुसते 'वास्को' म्हणतो. चाळीतल्या ओळखीच्या पोराला हाक मारावी तसे. दर्यावर्दी गामासाहेबांचा सगळा रुबाब त्या एकेरी हाकेत उतरून गेला आहे. मॉरिशसचेही तसेच. १८३४ नंतर करारावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांमध्ये रत्नागिरीकडची माणसेही होती. त्यांचे वंशज तेथे आजही आपल्याला मराठी म्हणवतात. त्या बेटाला डच लोकांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचे नाव दिले होते. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, नाव मात्र तेच राहिले. कारण तेथे युरोपियन येण्यापूर्वी कोणाची वस्तीच नव्हती. परत जावे असे जुने नाव कोणाच्या तोंडात नव्हते. जे आले ते सगळे बाहेरचे, आणि त्या परक्या नावाच्या मातीत घाम गाळून त्यांनी ते आपले केले. आणि सिलोन? तो शब्द 'सिंहल' याचाच पोर्तुगीजांच्या मार्फत झालेला अपभ्रंश. श्रीलंकेने तो टाकला ते योग्यच झाले. पण आमच्या पिढीच्या कानात 'रेडिओ सिलोन' या दोन शब्दांबरोबर बुधवारची रात्र आणि बिनाका गीतमाला अशी काही बसली आहे, की तेवढ्यापुरते ते नाव आम्ही कोणालाही परत करणार नाही!

येथपर्यंतचा सगळा हिशोब परक्यांचा झाला. पण परका कागद गेला म्हणून कागदाची खोड गेली असे नाही. आमच्या खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर अणुऊर्जेचा मोठा प्रकल्प योजला गेला. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. जमीन घेतली गेली ती माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांची. मासेमारीची काळजी पडली ती साखरी नाट्याला. पण दिल्लीपासून पॅरिसपर्यंत कागदावर नाव पडले जैतापूर. १८ एप्रिल २०११ रोजी आमच्या नाट्यात आंदोलन चिघळून पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला, तेव्हाही बातमी जगभर गेली ती 'जैतापूर' म्हणूनच. प्रकल्प असावा की नसावा हा वाद येथे घालावयाचा नाही. त्यावर गावोगाव आणि घरोघर मतभेद आहेत. मला एवढेच दाखवायचे आहे, की जमीन एकाची, समुद्र दुसऱ्याचा आणि नाव तिसऱ्याचे असे झाले, म्हणजे दूरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला पहिले दोघे दिसेनासे होतात. यात कोणाचा दुष्टावा नसेल. नकाशात जे नाव ठळक दिसले ते उचलले गेले असेल. पण साहेबाचेही बहुतेक वेळा असेच तर होत होते.

म्हणून नावांचा प्रश्न राजे आणि राण्यांच्या नावांपाशी संपत नाही असे मला वाटते. आमच्या किनाऱ्यावरच्या कशेळी गावात कनकादित्याचे देऊळ आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट तेथे आहे, आणि त्यात कशेळी गावाचा उल्लेख आहे. शिलाहार गेले, आदिलशाही गेली, मराठेशाही गेली, कंपनी सरकार आणि राणी सरकारही गेले. कशेळी कशेळीच राहिली. आठशे वर्षांहून अधिक काळ त्या नावाला कोणी राखण ठेवली नव्हती. दररोज कोणीतरी ते उच्चारत होते, एवढीच त्याची राखण.

आणि येथेच धास्ती वाटण्यासारखी गोष्ट आहे. गावाच्या नावाला आता धोका नाही. पोस्ट आहे, एसटीची पाटी आहे, मतदारयादी आहे. धोका आहे तो गावाच्या पोटातल्या नावांना. कोकणात प्रत्येक वाडीला नाव आहे, वहाळाला नाव आहे, पाणंदीला नाव आहे, कातळावरच्या खड्ड्याला नाव आहे, समुद्रातल्या बुडत्या खडकालाही नाव आहे. होड्या हाकणाऱ्यांनी त्या खडकांना नावे दिली ती शोभेसाठी नव्हे; नाव ठाऊक असेल तर अंधारात होडी वाचते. घरातली माणसे मुंबईस गेली, शेते ओसाड पडली, दारे मे महिन्यापुरती आणि गणपतीपुरती उघडू लागली. कुणग्याचे नाव घेऊन "आज तिकडे नांगर धरा" असे म्हणणारे कोणी राहिले नाही. इंग्रजांनी दीडशे वर्षांत मारली नाहीत एवढी नावे एका पिढीच्या मौनाने मरत आहेत. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही.

सरकारी कागदाला दोष देणे सोपे असते, म्हणून त्याच्या एका चांगुलपणाचा उल्लेख करून थांबतो. आपल्या जमिनीचा सातबारा उतारा काढून पाहा. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, आकार यांच्याबरोबर एक छोटीशी जागा असते: 'शेताचे स्थानिक नाव'. ज्याने कोणी हा रकाना प्रथम आखला त्याला माझा नमस्कार. त्याला कळले होते, की आकड्याने जमीन मोजता येते, ओळखता येत नाही. आमच्या घरच्या उताऱ्यावर हा रकाना कोरा आहे. माझ्या चुलतीला मात्र प्रत्येक तुकड्याचे नाव तोंडपाठ आहे, आणि एका नावामागे एक गोष्टही आहे.

दिवाळीला मुलेबाळे, सुना, जावई, नातवंडे घरी जमतील. फराळाची ताटे फिरून झाली की एक वही आणि पेन्सिल एखाद्या नातवाच्या हातात द्या, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर त्याला बसवा. शेतांची, वाड्यांची, विहिरींची, खडकांची नावे विचारून घेऊ द्या, आणि जशी उच्चारली तशीच लिहू द्या. शेवटच्या अक्षरावर आजी नाकात बोलली, तर टिंबही देऊ द्या. शुद्धलेखनाचे नियम त्या एका दिवसापुरते रागावणार नाहीत.